वर्णाने काळा

केसपेपरच्या खिडकीवर त्या मंगळवारी सकाळी घडलं ते एवढंच. बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून रिक्षातून घेऊन आलेला एक माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कागदांचं भेंडोळं, आणि आयाबाई क्षमा व्हरांड्याच्या टोकावरून त्याला ओरडून सांगत होती, "त्या काळ्या बाई बसल्यात ना, त्यांच्याकडे जा. त्या करून देतील." माणूस तडक निघाला आणि तीन नंबरच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिला. तिथे महिन्यापूर्वी कामाला लागलेली मुलगी बसायची, पंचविशीची, हडकुळी, खांद्यापर्यंत केस कापलेली. "ओ, त्या नाय! ह्या, ह्या!" म्हणत क्षमा धावली. मग तो एक नंबरकडे आला, सुलक्षणापुढे कागद सरकवले आणि ओशाळून हसला. "सॉरी मॅडम. मला वाटलं, त्याच."

सुलक्षणाने कागद घेतले. नाव, वय, पत्ता, कितवं बाळंतपण. अठ्ठावीस वर्षं ती प्रसूतिगृहाच्या ह्या खिडकीवर बसत होती आणि 'काळ्या बाई' हे तिचं तिथलं दुसरं नाव होतं. क्षमाच्या मनात काही नव्हतं. डबा खाताना ती आपल्यातली माशाची तुकडी आधी सुलक्षणाच्या झाकणात काढायची. राग यावा असं काही घडलंच नव्हतं. तरी पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. तीन नंबरची ती मुलगी तिच्या निम्म्या वयाची, निम्म्या अंगाची. सुलक्षणाला चष्मा, अंबाडा, त्रेपन्न वर्षांचं जड शरीर. आणि तो माणूस डोळे उघडे ठेवून, दिवसाउजेडी, दहा पावलं चालत त्या मुलीपुढे जाऊन उभा राहिला होता, कारण त्याला एकच खूण मिळाली होती आणि ती खूण त्याला दिसली होती. पुढे बघायची त्याला गरजच वाटली नाही. "मॅडम, लवकर करा ना," तो म्हणाला. तिने बाईच्या वयाच्या रकान्यात चौदा लिहिलं होतं. तिने ते खोडलं. चौदा महिने झाले होते. गुरुवारी कोर्टात साक्ष होती.

चौदा महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ गेले वर्षभर तिने इतक्यांदा सांगितली होती की आता ती सांगितल्यासारखीच आठवायची. शेजारणीला, जावेला, बँकेतल्या ओळखीच्या बाईला, दरवेळी थोडी नीट, थोडी सरळ करून. घाटकोपरला बाजारातून वर डोंगराकडे जाणारी गल्ली, शिवणकामाचे गाळे, त्यांच्या मशीनची घरघर. सव्वासातची वेळ. दिवे गेले. मशीनही एकदम थांबल्या, आणि त्या शांततेत मागून कुणाचा तरी हात मानेवर आला. मंगळसूत्र आधी घट्ट झालं, मग तुटलं. ती कोथिंबिरीच्या पिशवीसकट उजव्या हातावर पडली आणि मनगटातून कड् असा आवाज आला. एवढं खरं होतं. ह्याच्यापुढे जो माणूस होता, तो तिने कधी पाहिला होता, ह्याचा तिने गेल्या काही आठवड्यांत शोध घ्यायला सुरुवात केली होती, आणि तिथेच तिच्या हाती काही लागत नव्हतं. पडताना तिने मान वळवली होती. अंधारात अंधाराहून गडद असं काहीतरी पळत होतं. गालाचा एक तुकडा दिसला, कान दिसला असेल. आणि त्याआधी, मंगळसूत्र तिने मुठीत धरून ठेवलं होतं तेव्हा, कानाशी आवाज आला होता, "छोड ना आंटी, छोड." कंटाळलेला, गल्लीतल्या कुठल्याही पोराचा असतो तसा. तोंडाला गुटख्याचा वास. हा आवाज तिच्या कानाच्या पातळीवर होता. म्हणजे माणूस तिच्याएवढाच असणार. तिची उंची पाच फूट एक इंच.

पोलीस ठाण्यात नवरा, मधुकर, तिला घेऊन गेला तेव्हा मनगट सुजून पावाएवढं झालं होतं. ती बाकड्यावर बसली होती आणि सब-इन्स्पेक्टर प्रीतम सावर्डेकर आला, जेमतेम तिशीचा. त्याने आधी पंखा तिच्याकडे वळवला, मग कुणाला तरी बर्फ आणायला पाठवलं. "तुमचो गाव खंयचो, काकू?" त्याने विचारलं. तिने कुडाळचं नाव सांगितलं आणि तो हसला. "मगे आमचेच तुमी. घाबरा नकात. मी आसंय." तेवढ्या दोन शब्दांनी तिला रडू फुटलं. गिरणी बंद पडल्यावर बाबा, भिकाजी मेस्त्री, ज्या भाषेत एकटेच पुटपुटत बसायचे, ती भाषा त्या ट्यूबलाइटच्या उजेडात कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. त्याच्यासाठी तिने काय केलं नसतं! मग तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि शहरी मराठीत आला. "दिसायला कसा होता?"

"काळा होता," ती म्हणाली.

"काळा म्हणजे? नायजेरियन?"

"काळा म्हणजे... काळा."

"त्या गल्लीत ते आफ्रिकन लोक येतात, काकू. कपड्यांच्या ऑर्डरी घेऊन. चार-पाच जण आहेत, आमच्या नजरेत आहेत. त्यातला असेल ना?"

हात ठणकत होता. मधुकर दारात उभा राहून घड्याळ बघत होता, हाडाचा डॉक्टर नऊला दवाखाना बंद करायचा. "असेल," ती म्हणाली. तिला स्पष्ट आठवत होतं, 'असेल' हाच शब्द. जसं आपण पाऊस पडेल का विचारल्यावर म्हणतो, भाजीवाला बसला असेल का विचारल्यावर म्हणतो. तो आवाज, ते 'छोड ना आंटी', तेही तिने सांगितलं होतं. प्रीतम म्हणाला, "हिंदी आता सगळेच शिकतात हो." कागद पुढे आला. उजवा हात चालत नव्हता म्हणून तिने डाव्या हाताने सही केली. लहान मुलाने गिरवल्यासारखी, ओळीखाली घसरत गेलेली. खिडकीवर बसून ती कितीतरी माणसांना बजावायची, वाचून सही करा हो, नंतर भांडायला येऊ नका. तिने वाचलं नाही.

आठ दिवसांनी प्रीतमने फोनवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'काकू, हाच ना?' फोटोत भिंतीला टेकून उभा असलेला एक आफ्रिकन माणूस, डोळे फ्लॅशने लालसर. ती स्वयंपाकघरात होती, प्लॅस्टरमधल्या हाताने फोन धरता येत नव्हता, तो तिने डब्याला टेकवून ठेवला होता. बघता बघता त्या चेहऱ्याचं काहीतरी व्हायला लागलं. अंधारातला तो गालाचा तुकडा हलला, आणि हळूहळू येऊन ह्या गालावर बसला. जिथे काहीच नव्हतं तिथे आता चेहरा होता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणजे हाच असणार असंही वाटलं. तिने उत्तर दिलं नाही. पण पंधरा दिवसांनी तुरुंगात ओळख परेडसाठी नेलं तेव्हा तो चेहरा तिच्याबरोबरच आत गेला.

ती खोली तिला अजून जशीच्या तशी दिसायची. पिवळा ऑइलपेंट, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेला पंचा, टेबलामागे तहसीलदार, दोन पंच. समोर ओळीने सात माणसं. सहाजण इथलेच. काळेसावळे बघून उभे केलेले, कुणी तमिळ वाटणारा, कुणी आगरी. एकाच्या कपाळावर गंध होतं, ते पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि डावीकडून पाचवा तो, इतरांहून वीतभर उंच. त्या क्षणी, ती आत येऊन चष्मा सारखा करत होती त्याच क्षणी, तिच्या मनात आलं होतं: हा केवढा उंच आहे! हे तिने स्वतःशी कधी नाकारलं नव्हतं. पण खोलीतले सगळे थांबले होते. बाहेर प्रीतम थांबला होता, त्याने सकाळी घरून आणलेले घावणे तिला खायला लावले होते. सातातल्या सहा जणांवर नजर ठरतच नव्हती. शब्दकोड्यात एकच अक्षर बसणारं घर असतं, तसं ते होतं. तिने बोट केलं. तीन सेकंद लागले असतील. तहसीलदाराने मोठ्याने बोलत लिहिलं, "विनासंकोच ओळखले." तिला हलकं वाटलं, प्रश्नपत्रिका संपल्यासारखं. आणि त्या हलकेपणाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, जे तिने तेव्हा बघितलं नाही आणि आता, बुधवारी सुट्टी टाकून स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली असताना, ते आपणहून वर आलं.

ती बावीस वर्षांची होती. परळची चाळ, दहा बाय बाराची खोली. मुलाकडची माणसं सुलक्षणाला बघायला आली होती. आईने, सखुबाईने, तीन दिवस तिच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय चोळली होती. "काळी आसस म्हणान काय झाला, नाक बघ कसा सरळ आसा," म्हणत आई स्वतःलाच समजावायची. मुलाची आत्या आली होती, जांभळ्या पातळातली. पोहे झाले. धाकटी राधा चहाचा ट्रे घेऊन आली आणि आईने हाक मारली म्हणून दोन मिनिटं सुलक्षणाशेजारी उभी राहिली. राधा गोरी. आत्याने चहाचा कप तोंडाला लावला, ओठांवरून पदर फिरवला आणि बोट करून म्हणाली, "ही चालेल आम्हाला." सुलक्षणा तिथेच उभी होती. तिच्याकडे कुणी वाईट नजरेने बघितलं नाही, कुणी काही लावून बोललं नाही. तिच्याकडे बघितलंच गेलं नाही. आत्याच्या बोटात हिरव्या खड्याची अंगठी होती, ती मात्र सगळ्यांना दिसली. राधाचं त्याच घरात लग्न झालं, चांगलं झालं. सुलक्षणाला पुढे सहा वर्षांनी मधुकर मिळाला. ह्या गोष्टीवर दोघी बहिणी नंतर हसायच्यासुद्धा. पण त्या पिवळ्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा बोट तिचं होतं. ओळीत दुसरं कुणीतरी उभं होतं. तांदळातला खडा बोटाला लागला आणि तिने हात काढून घेतला. मला बरं वाटलं होतं, तिने स्वतःला सांगितलं. बोट करायला मला बरं वाटलं होतं.

दुपारी प्रीतम आला. आता तो दुसऱ्या ठाण्यात होता, तरी ह्या केससाठी मुद्दाम आला. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, जबाबाची झेरॉक्स पुढे ठेवली. "एकदा वाचून ठेवा, काकू. उद्या सरकारी वकील विचारतील तेव्हा गडबड नको."

तिने चष्मा लावला. 'अंगाने धिप्पाड, वर्णाने काळा, केस कुरळे, आफ्रिकन वंशाचा अनोळखी इसम, ज्यास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन.' खाली तिची ती घसरलेली सही. धिप्पाड हा शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. वाक्यातला एकच शब्द तिचा होता. तिने तिसऱ्यांदा वाचलं. बाकीचे सगळे त्या एका शब्दाला येऊन चिकटले होते.

"प्रीतम," ती म्हणाली, "मी आफ्रिकन म्हटलं नव्हतं. काळा म्हटलं होतं."

"मग तेच ना, काकू."

"तेच कसं? मी पण काळी आहे."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "तुमची गोष्ट वेगळी हो. तुम्ही आपल्या आहात." त्याने ग्लास खाली ठेवला. "हे बघा. माल मिळाला नाही, कॅमेऱ्यात काही नाही. केस तुमच्यावर उभी आहे. तुम्ही डगमगलात तर माणूस सुटला. त्याचा पासपोर्टसुद्धा त्याच्याकडे नव्हता पकडला तेव्हा."

"कुठे होता?"

"व्हिसा वाढवायला दिलेला म्हणे. सगळे तेच सांगतात." तो उठला. दारात चपला घालताना हळूच म्हणाला, "माझ्या नोकरीतली पहिली डिटेक्ट केलेली केस आहे, काकू." ह्यात धमकी नव्हती. पोराने आईला मार्क सांगावेत तसं तो म्हणाला होता, आणि तिला धमकीपेक्षा ते जड गेलं.

मधुकर सहाला आला. तिने त्याला सांगितलं, उंचीचं, आवाजाचं, फोटोचं. तो शर्टाची बटणं काढत ऐकत होता. "अहो, मी चुकीच्या माणसाला दाखवलं असेन तर?"

"सुलू, तू दाखवलंस. पोलिसांनी पकडलं. कोर्ट ठरवेल. तुझं काम संपलं." मग थोड्या वेळाने, टीव्हीचा आवाज कमी करून, "आणि आता फिरलीस तर खोटी साक्ष दिली म्हणून तुलाच आत टाकतील. रिटायरमेंटला पाच वर्षं राहिलीत. डोकं ठिकाणावर ठेव. हे लोक काय साधे असतात? ह्या नाही तर दुसऱ्या कशात असणारच." तो वाईट माणूस नव्हता. प्लॅस्टर होतं ते दीड महिने त्याने तिची वेणी घातली होती, वाकडीतिकडी. ती त्याच्याकडे बघत राहिली. 'असणारच.' तिचं 'असेल' आणि त्याचं 'असणारच'. अशानेच एक माणूस चौदा महिने भिंतीआड राहू शकतो, कुणीही मुद्दाम खोटं न बोलता.

गुरुवारी कोर्टात साडेअकरापासून ती बाकावर बसून होती. आरोपींच्या कठड्यात पाच-सहा जण दाटीने उभे होते, वेगवेगळ्या केसमधले, आणि त्यात तो. शिरस्तेदाराने नाव पुकारलं, "कुकू... कुकू अन्सारी." एक तरुण वकीलबाई उठली, काळ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. "क्वेकू आंसा, सर. क्वेकू. घानाचे नागरिक. अन्सारी नाही." कुणीतरी हसलं. नाव दुरुस्त झालं की नाही ते कळलं नाही. सुलक्षणाला चौदा महिन्यांत त्याचं नाव ठाऊक झालं नव्हतं, आणि ते विचारावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. ह्याने ती इतकी दचकली की तिचं स्वतःचं नाव पुकारलं गेलं ते तिला ऐकू आलं नाही. प्रीतमने मागून खांद्याला हात लावला. "काकू, चला."

शपथ झाली. सरकारी वकील मवाळ आवाजात विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली. बाजार, गल्ली, दिवे, हात, मनगट. हे सोपं होतं. मग ते म्हणाले, "तो इसम आज कोर्टात हजर आहे का? बघून सांगा." आणि तिने बघितलं. तो कठड्यावर कोपर टेकून पंख्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होता. गाल आत गेले होते. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, तिथे केस उगवले नव्हते. ती खोक फोटोत असणार, परेडच्या दिवशी असणार, आणि तिने ती आज पहिल्यांदा पाहिली. कान लहान, डोक्याला चिकटलेले. बोटांच्या पेरांवर कातडी कोरडी पडून राखेसारखी झाली होती. हा चाळिशीचा असेल. दमलेला. तिने मनातल्या त्या अंधाऱ्या गल्लीत ह्या माणसाला उभं करून बघितलं. मान वळवली. तो तिथे बसेना. तो फार उंच होता, फार पूर्ण होता. गल्लीत फक्त एक तुकडा होता, आणि तो कुणाचाही होता.

"बाई?" वकील म्हणाले.

"मी ह्यांना ओळखत नाही," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी कागद बघितले, मग प्रीतमकडे. "पुन्हा नीट बघा."

"नीट बघितलं. चोराचा चेहरा मला दिसला नव्हता. अंधार होता. तो माझ्याएवढा होता, आणि तो इथल्यासारखं हिंदी बोलला. हे मी तेव्हा सांगितलं होतं. लिहिलं नाही."

मग सगळं भराभर झालं. वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. फितूर. तिला वाटलं हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. आवाज आता मवाळ राहिला नव्हता. आरोपीकडून कुणी भेटलं होतं का? कुणी धमकी दिली? मग ही सही कुणाची? "माझीच. डाव्या हाताची." ओळख परेडमध्ये कुणाला दाखवलंत? "ह्यांनाच." विनासंकोच? "हो. विनासंकोच." तेव्हा खोटं बोलत होतात की आता? ह्या प्रश्नावर तिने साक्षीदाराचा कठडा दोन्ही हातांनी धरला. न्यायाधीश पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. वयस्कर होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "बाई, शपथेवर आहात. परेडमध्ये सातजण होते. त्यात ह्यालाच का दाखवलंत?"

"बाकीचे सहा आपल्यातले होते, साहेब," ती म्हणाली.

टायपिस्टची बोटं थांबली. कठड्यातल्या कुणाला तरी खोकला आला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि टायपिस्टला सांगू लागले, "लिहा. परेडमध्ये आरोपी वगळता अन्य आफ्रिकन वंशाची व्यक्ती नव्हती असे साक्षीदार सांगते." टकटक सुरू झाली. तिने जे म्हटलं होतं ते हे नव्हतं, पण ह्यावेळी तिने मान हलवली. खाली उतरताना तिला कठड्याकडे बघवलं नाही. प्रीतम दारातच होता. त्याने तिच्यासाठी वाट केली. काकू म्हणाला नाही.

पुढचे दिवस ती दारावरच्या प्रत्येक बेलला दचकायची. खोट्या साक्षीची नोटीस येईल, खातं चौकशी लावेल. मधुकर दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चहा कर," आणि तो विषय संपला. नोटीस आली नाही. वीस दिवसांनी फोन आला तो त्या लांब बाह्यांच्या वकीलबाईचा. समीक्षा तिचं नाव, सरकारच्या मोफत वकिली मदतीतून त्याला मिळालेली. "तुम्हाला कळवावंसं वाटलं. निकाल लागला. निर्दोष."

सुलक्षणा पलंगावर बसली. "सुटले?"

"नाही." पलीकडे रिक्षांचा आवाज होता. "व्हिसा संपला ना मॅडम, आत असताना. वाढवून मिळालाच नाही. आता मुदत संपूनही देशात राहिला म्हणून नवीन केस. तुरुंगातून बाहेर पडला आणि गेटवरच पुन्हा ताब्यात."

"पण तो आत होता म्हणूनच तर..."

"हो."

"जामीन?"

"मागच्या केसमध्येसुद्धा मिळाला होता, तिसऱ्या महिन्यात. स्थानिक जामीनदार हवा होता. त्याच्यासाठी कोण उभं राहणार? शुक्रवारी हजर करतायत." मग जरा थांबून, "तुम्ही यायची गरज नाही. तुमचं काही काम नाही त्यात."

तिचं काही काम नव्हतं आणि म्हणूनच ती गेली. प्रसूतिगृहात दाताचं दुखणं सांगितलं, घरी काहीच सांगितलं नाही. कोर्टाच्या पहिल्या मजल्याच्या अरुंद व्हरांड्यात ती भिंतीला लागून उभी राहिली. त्याला काय सांगायचं ते चार दिवस मनात घोळत होतं. इंग्रजीत सांगावं लागेल म्हणून तिने वाक्य जुळवलं होतं, भाजी चिरताना, खिडकीवर शिक्के मारताना पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. आय ॲम दॅट लेडी. आय डिड मिस्टेक. मिस्टेक हा शब्द पुरत नव्हता. दुसरा येत नव्हता. तो काय करेल? ओरडेल. थुंकेल. तोंड फिरवेल. ह्यातलं काहीही झालं तरी चालेल असं तिने ठरवलं होतं. समीक्षा कागदांत डोकं घालून लांब उभी होती. मग जिन्यावर बूट वाजले आणि दोन हवालदारांच्या मध्ये तो वर आला, एका मनगटात बेडी, तिची दोरी एका हवालदाराच्या हाताला गुंडाळलेली.

तो सरळ तिच्याच दिशेने येत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काही नव्हतं. राग नव्हता, ओळख नव्हती. तो तिला ओळखत नव्हता. साक्षीच्या दिवशी तो पंख्याकडे बघत होता. परेडमध्ये ओळीत उभं राहून त्याला काय दिसलं असेल? एक बाई, एक बोट. तिने त्याचा चेहरा चौदा महिने डोक्यात वागवला होता, त्याच्याकडे तिचा चेहराच नव्हता. आय ॲम, तिने सुरुवात केली, ओठ हलले, आवाज आला नाही. तो दोन हातांवर येऊन थांबला. तिच्या अंगावरून पलीकडे त्याने बेडीच्या हाताने काहीतरी दाखवलं.

"बाई, जरा बाजूला," तो म्हणाला.

मराठीत. स्वच्छ, थोडं घाईचं, बराकीत रोज उठताबसता बोलल्यासारखं. हवालदाराला त्यात काही नवल वाटलं नाही, तो दोरी सैल सोडून जांभई देत होता. सुलक्षणाने मागे वळून बघितलं. तिच्या पाठीमागे भिंतीत पिण्याच्या पाण्याचा नळ होता, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला लटकत होता. ती बाजूला झाली. त्याने पेला विसळला, भरला, आणि मान वर करून घटाघट प्यायला. दुसरा भरला. तोही प्यायला. मग आतून नाव पुकारलं गेलं, कसंतरीच, आणि तो तोंड पुसत आत गेला.